आधी ब्रह्मचर्य, मग संसार

वसईच्या धर्मग्रामात फादर एकटे राहतात. नगर जिल्ह्यातल्या मंडळीत पाळकसाहेब सहकुटुंब राहतात आणि महिला मंडळाचे निम्मे काम त्यांच्या पत्नीच्या अंगावर पडते. दोघेही एकाच येशूचे नाव घेतात, एकाच पौलाची पत्रे वाचतात. ही तफावत मराठी वाचकाने पाहिलेली असते, पण तिच्यामागे जवळजवळ दोन हजार वर्षांचे भांडण आहे याची त्याला सहसा कल्पना नसते. त्याच्या मनातली ख्रिस्ती लैंगिक नीती म्हणजे पांढरा झगा, चर्चमधले लग्न, एकपत्नीव्रत, घटस्फोटाला मुरडलेले नाक आणि या विषयावर घरात अवाक्षर न काढण्याची शिस्त. चित्र बरोबर आहे, फक्त ते फार अलीकडचे आहे.

माझे म्हणणे इथेच सांगून टाकतो. पहिली पंधरा शतके ख्रिस्ती धर्माने संसाराला दुय्यम मानले. कोणता संभोग चालतो आणि कोणता नाही, हा त्याचा पहिला प्रश्न नव्हताच. संभोग करायचाच कशाला, हा होता. कुटुंब हाच ख्रिस्ती जीवनाचा गाभा ही समजूत सोळाव्या शतकात बळावली आणि एकोणिसाव्या शतकात मिशनरींच्या बोटीतून मुंबईच्या बंदरात उतरली तेव्हा ती जणू अनादी असल्याच्या थाटात उतरली. पुढची प्रकरणे या उलथापालथीची आहेत.

येशू ज्या ज्यू समाजात जन्मला तिथे लग्न करणे आणि मुले होऊ देणे ही देवाची आज्ञा होती. त्या समाजावर राज्य करणाऱ्या रोमचा हिशेब वेगळा. रोमन पुरुषाने दुसऱ्याच्या बायकोला हात लावला तर गुन्हा. स्वतःच्या गुलाम मुलीला किंवा मुलाला लावला तर ती त्याची घरगुती बाब. सम्राट ऑगस्टसने इ.स.पूर्व १८ मध्ये कायदे करून लग्न टाळणाऱ्यांचे वारसाहक्क छाटले, कारण राज्याला माणसे हवी होती. दोन्हीकडे बाईचे शरीर तिचे नव्हते, आणि बहुतेक पुरुषांचेही पूर्णपणे त्यांचे नव्हते. ते घराण्याचे होते, कुळाचे होते, नाहीतर धन्याचे.

या विषयावर शुभवर्तमानांतला येशू थोडेच बोलतो. समलिंगी संबंध किंवा संततिनियमन यांवर त्याचा एक शब्दही नोंदलेला नाही. घटस्फोटावर मात्र तो कडक आहे: बायको सोडून देण्याची जी मोकळीक नियमशास्त्राने पुरुषाला दिली होती ती त्याने काढून घेतली. शिष्यांना हे जड गेले. असे असेल तर लग्न न केलेलेच बरे, असे ते म्हणाले, तेव्हा स्वर्गाच्या राज्यासाठी आपणहून षंढ झालेले लोकही असतात, असे तो बोलून गेला. ते एक वाक्य पुढच्या संन्याशांना शतकानुशतके पुरले. व्यभिचारात धरलेल्या बाईला दगडांपासून वाचवणारी गोष्ट सर्वांना ठाऊक असते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाही. मागाहून कुणीतरी ती घातली आणि चर्चने ठेवून घेतली. माझ्या मते हे ठेवून घेणेही इतिहासाचाच भाग आहे. आणि येशूचा शिष्य पेत्र याला सासू होती, म्हणजे बायकोही होती. हा मुद्दा प्रोटेस्टंट उपदेशकांनी कॅथलिकांना चिडवायला भरपूर वापरला आहे.

पौलाकडे आलो की जमीन बदलते. करिंथ या बंदराच्या शहरातल्या मंडळीला त्याने इ.स. ५५ च्या सुमारास पत्र लिहिले तेव्हा जगाचा शेवट आपल्या हयातीत येणार अशी त्याची खात्री होती. घर पेटले असताना कुणी भिंतींना रंग देत बसत नाही. लग्नाकडे तो याच नजरेने पाहतो. न केले तर उत्तम, राहवत नसेल तर करावे. पण त्याच प्रकरणात एक विलक्षण गोष्ट आहे. नवऱ्याचा बायकोच्या शरीरावर अधिकार आहे असे सांगून तो थांबत नाही. बायकोचाही नवऱ्याच्या शरीरावर तेवढाच अधिकार आहे, असे तो लगेच जोडतो. पहिला भाग त्या काळच्या कुणालाही पटला असता. दुसरा भाग रोमन कानांना विचित्र वाटला असणार. पुरुषाला आणि बाईला एकच नियम लावण्याची ही कल्पना ख्रिस्ती धर्माने जगाला दिलेली मोठी देणगी आहे, आणि त्याच्याच अनुयायांनी ती पुन्हा पुन्हा गहाळ केली.

शेवट आला नाही. मुले होत राहिली, मंडळ्या वाढत राहिल्या, आणि पौलाच्या नावाने लिहिलेल्या पुढच्या पत्रांत नवरा-बायको-मुले-गुलाम अशी घराची उतरंड नीट लावलेली दिसते. बिशप एका बायकोचा नवरा असावा, अशी अट तिथे आहे. त्याच काळात दुसरे टोकही वाढत होते. दुसऱ्या शतकात थेक्ला नावाच्या मुलीची कथा लोकप्रिय झाली. ठरलेले लग्न मोडून ती पौलाच्या मागे जाते, स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देते. कार्थेजचा टर्टुलियन यावर फार वैतागला, कारण बायका या कथेचा दाखला देऊन शिकवण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा हक्क मागत होत्या. त्याच्या सांगण्याप्रमाणे ही कथा रचणाऱ्या धर्मगुरूला पदावरून जावे लागले. कथा मात्र टिकली. रोमन कायद्यात मुलीच्या लग्नाचे वय बारा होते. कोवळ्या वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, त्यांतच मरण. अशा जगात लग्न न करण्याची मुभा ही मुलींना सुटका वाटली असेल तर नवल नाही. बालविवाहाचा आपला एकोणिसावा शतकी इतिहास वाचलेल्यांना हे फोडून सांगायला नको. ब्रह्मचर्याचे हे आकर्षण केवळ शरीराच्या तिरस्कारातून आले, असे म्हणणारे अभ्यासक अर्धीच गोष्ट सांगतात.

चौथ्या शतकात सम्राटच ख्रिस्ती झाला, छळ संपला आणि हुतात्म्याची जागा संन्याशाने घेतली. इजिप्तच्या वाळवंटात अँथनीसारखे लोक आधीच जाऊन बसले होते. अथनेशियसने लिहिलेले अँथनीचे चरित्र आता साम्राज्यभर वाचले जाऊ लागले. रोममध्ये जोव्हिनियन नावाच्या एका मठवासीयाने विचारले की बाप्तिस्मा सारखाच असेल तर कुमारिका, विधवा आणि संसारी बाई यांच्या पुण्यात फरक कसा? प्रश्न सरळ होता. इ.स. ३९३ च्या सुमारास रोमच्या बिशपने त्याला बहिष्कृत केले आणि जेरोमने त्याच्याविरुद्ध पुस्तक लिहिले. त्यात लग्नाची इतकी निर्भर्त्सना होती की रोममधल्या जेरोमच्या मित्रांनाच त्या प्रती परत गोळा कराव्याशा वाटल्या. म्हणजे संसार ठीक आहे असे म्हणणारा पाखंडी ठरला, आणि संसाराची घृणा करणारा संत.

या धुमश्चक्रीत ऑगस्टीन उतरला, आणि इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण पाश्चात्त्य ख्रिस्ती मनाची घडण त्याच्या हाताखाली झाली.

इ.स. ३५४ मध्ये आजच्या अल्जीरियातल्या तागास्ते गावी जन्मलेला हा माणूस पंधराएक वर्षे एका बाईबरोबर राहिला. तिच्यापासून त्याला मुलगा झाला. रोमन रिवाजात हे नाते मान्य होते, पण ते लग्न नव्हते. पुढे मिलानमध्ये बढतीची स्वप्ने पडू लागली तेव्हा आई मॉनिकाने श्रीमंत घरातली मुलगी पाहिली आणि या बाईला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. जाताना तिने दुसऱ्या पुरुषाला न शिवण्याची शपथ घेतली. ऑगस्टीनने मात्र, वाग्दत्त वधूचे कायदेशीर वय व्हायला दोन वर्षे अवकाश होता म्हणून, मधल्या काळासाठी दुसरी बाई ठेवली. हे सगळे त्याने स्वतःच आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे, आणि पहिलीला तोडून नेताना हृदयाला जखम झाली हेही लिहिले आहे. तिचे नाव मात्र लिहिलेले नाही. ३८६ मध्ये त्याचे मन पालटले, लग्नाचा बेतही बारगळला, आणि दहाएक वर्षांत तो हिप्पोचा बिशप झाला.

तरुणपणी नऊ वर्षे तो मनिकीय पंथात होता. शरीर म्हणजे अंधाराची करणी, असे तो पंथ मानी. ते सोडून आल्यामुळे शरीराला वाईट म्हणणे त्याला शक्यच नव्हते. देवाने केलेले वाईट कसे असेल? म्हणून ४०१ च्या सुमारास त्याने लग्नाच्या बाजूने लिहिले: लग्नात संतती आहे, निष्ठा आहे आणि न तुटणारे पवित्र बंधन आहे. जेरोमच्या तुलनेत हे बोलणे मवाळ होते. मग कामवासनेत खुपते ते काय? ऑगस्टीनचे उत्तर असे की ती आज्ञेत राहत नाही. हात उचल म्हटले की उचलला जातो. पण शरीराचा एक भाग नको तेव्हा जागा होतो आणि हवा तेव्हा होत नाही. आदामाने देवाची आज्ञा मोडली, त्याची शिक्षा म्हणून आदामाचे शरीर आदामाची आज्ञा मोडू लागले, आणि ही फूट जन्मागणिक पुढच्या पिढीत उतरते. आदिपापाची शिकवण अशी शय्येपर्यंत येऊन पोहोचली.

त्याला खरा तोडीचा प्रतिस्पर्धी मिळाला तो इटलीतल्या एक्लानमचा ज्युलियन. बिशपचा मुलगा, तरुणपणी लग्न झालेला, पुढे स्वतः बिशप. त्याचा मुद्दा साधा होता: भूक जशी देवाची तशी कामेच्छाही देवाची, अतिरेक वाईट, इच्छा नव्हे. नवजात बाळाला पापी म्हणणारा देव न्यायी कसा? म्हातारा ऑगस्टीन ४३० मध्ये मरेपर्यंत त्याला उत्तरे लिहीत होता. शेवटचा ग्रंथ अपुराच राहिला. ज्युलियनला बिशपपद गमवावे लागले आणि हद्दपारीत दिवस काढावे लागले. आजच्या वाचकाला ज्युलियन पटतो, मलाही पटतो. तरी माणूस आपल्या इच्छेचा धनी नाही, हे ऑगस्टीनचे निरीक्षण मला ज्युलियनच्या समजूतदारपणापेक्षा खोल वाटते. शिवाय त्याच्या हिशेबात कुमारिकाही पापी, बिशपही पापी. जेरोमने रचलेली पुण्याची शिडी त्याने नकळत डळमळीत केली. दुःख एवढेच की पुढच्या शतकांनी त्याच्यातला मानसशास्त्रज्ञ सोडला आणि तपासनीस उचलला. ग्रीक भाषिक पूर्वेकडच्या चर्चने मात्र ही शिकवण कधी मनावर घेतली नाही. तिथे आजही विवाहित पुरुष धर्मगुरू होऊ शकतो. बिशप तेवढा ब्रह्मचारी लागतो.

मध्ययुगाचा बराच भाग भरभर ओलांडला तरी चालेल. सहाव्या शतकानंतर आयर्लंडकडून प्रायश्चित्तांच्या पोथ्या आल्या: कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाणी, उपवासकाळात, रविवारी आणि कोणकोणत्या वारी नवरा-बायकोने दूर राहायचे, याचे तपशीलवार कोष्टक. अकराव्या शतकात सुधारकांनी धर्मगुरूंच्या बायकांविरुद्ध मोहीम उघडली. वेदीवर ख्रिस्ताचे शरीर हाताळणारे हात शुद्ध हवेत, हे कारण खरे होते, आणि धर्मगुरूंच्या मुलांकडे चर्चच्या जमिनी जाऊ नयेत हेही खरे होते. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने अशी लग्ने रद्दबातल ठरवली. कालपर्यंत पत्नी असलेली बाई रखेल ठरली. हीच गोष्ट आपल्या देशातही घडली. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी केरळात उदयंपेरूर इथे सभा भरवली आणि पूर्वेच्या परंपरेनुसार संसार करणाऱ्या तिथल्या सीरियन धर्मगुरूंना बायकांपासून वेगळे होण्याचे फर्मान काढले.

याच मध्ययुगाने लग्नाबाबत एक क्रांतिकारक गोष्ट ठरवली, जिची फारशी वाच्यता होत नाही. बाराव्या शतकाच्या धर्मशास्त्राने सांगितले की लग्न होते ते दोघांच्या संमतीने. आईबाप नकोत, साक्षीदार नकोत, धर्मगुरूही नको. परिणाम काय झाला असेल याचा अंदाज येतोच: गुपचूप लग्ने, नाकबूल केलेली लग्ने, चर्चच्या न्यायालयांत खटल्यांचा ढीग. अखेर १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू आणि दोन साक्षीदार सक्तीचे केले. म्हणजे ज्याला आपण ख्रिस्ती लग्न म्हणतो, ते कॅथलिक जगात बंधनकारक होऊन पाचशे वर्षेही झालेली नाहीत.

तोवर जर्मनीत वेगळेच घडले होते. १५२५ मध्ये मार्टिन लूथर या माजी मठवासीयाने मठातून पळून आलेल्या कातारिना फॉन बोराशी लग्न केले आणि विटेनबर्गच्या रिकाम्या मठात संसार थाटला. सहा मुले, विद्यार्थी, पाहुणे, आणि या सगळ्यांचा खर्च भागवणारी, शेती आणि बिअरची भट्टी सांभाळणारी कातारिना. पाळकाचे घर हा नमुना इथून निघाला. ब्रह्मचर्य हे वरचे आणि संसार खालचा, हा क्रम लूथरने उलटा केला. याचे गोडवे गाताना एक विसरले जाते: मठ बंद झाले तेव्हा बायकांसाठी लग्नावाचून दुसरी वाटही बंद झाली. लिहिणाऱ्या, कारभार करणाऱ्या, पुरुषाच्या हुकमाबाहेर राहणाऱ्या बायकांची ती जवळजवळ एकमेव जागा होती.

आपल्या कायद्यांत या इतिहासाचे तुकडे रुतून बसले होते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने कामविषयक पापांची वर्गवारी केली आणि निसर्गाविरुद्धची पापे सर्वांत गंभीर ठरवली. त्या क्रमवारीत हस्तमैथुन बलात्काराच्या वर जाते. पाप संततीच्या कसोटीवर मोजले, माणसाला झालेल्या इजेवर मोजले नाही, की असेच होते. १५३३ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने यातले एक पाप चर्चच्या हातून काढून राज्याच्या फाशीच्या दोरापर्यंत नेले, आणि १८६० च्या दंड संहितेचे कलम ३७७ तीच निसर्गक्रमाची भाषा घेऊन हिंदुस्थानात आले. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. तोपर्यंत या कलमाला भारतीय संस्कृतीचा आधार आहे असे सांगणारे पुष्कळ निघाले होते, ही यातली गंमत.

दुसरे उदाहरण १८६९ च्या घटस्फोट कायद्याचे. ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. ख्रिस्ती बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असे काही वाढीव दाखवावे लागे. ही विषमता इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यातून आली होती. इंग्लंडने ती १९२३ मध्ये टाकून दिली. इथे मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालापर्यंत आणि संसदेच्या २००१ च्या दुरुस्तीपर्यंत ती टिकली. दोघांना एकच माप लावणाऱ्या पौलाच्या नावाने चालणाऱ्या समाजाला हे माप लावले गेले होते. उलट १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेद कायद्यात पौलच बोलत होता: जोडीदार राहायला तयार असेल तर सोडू नये, धर्मामुळे तोच निघून गेला तर बांधून घेऊ नये. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि मग परतल्या. आधी नांदायला आल्या, धर्म त्यांनी पुढे स्वतःच्या गतीने स्वीकारला. तो सगळा पेच कायद्याच्या कलमांत कसा मावणार? तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’तच वाचावा.

विसावे शतक संततिनियमनाचे. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या र. धों. कर्वे यांना या विषयावरच्या प्रचारामुळे १९२५ मध्ये नोकरी सोडावी लागली. कॉलेज स्कॉटिश मिशनचे होते. पाचच वर्षांनी, १९३० मध्ये, लँबेथला जमलेल्या अँग्लिकन बिशपांनी १९३ विरुद्ध ६७ मतांनी विवाहितांना मर्यादित परवानगी दिली. पोप अकरावे पायस यांनी त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला परिपत्रक काढून दार लावून घेतले. १९५१ मध्ये बारावे पायस यांनी सुरक्षित दिवसांच्या पद्धतीला संमती दिली आणि पेच वाढवला. मूल नको हा हेतू चालतो, मग साधन का चालत नाही? या प्रश्नावर रोमने १९६३ मध्ये नेमलेल्या आयोगात धर्मशास्त्रज्ञ आणि डॉक्टरांच्या जोडीला पुढे विवाहित जोडपीही आली. शिकागोच्या क्राउली दांपत्याने कॅथलिक जोडप्यांची पत्रे गोळा करून आणली होती: कॅलेंडर आणि थर्मामीटर यांच्या धाकात चाललेल्या संसारांची. चर्चच्या इतिहासात संभोगाबद्दल निर्णय घेताना संभोग करणाऱ्यांना औपचारिकपणे विचारले गेल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. १९६६ मध्ये आयोगाच्या बहुमताने बदल सुचवला. २५ जुलै १९६८ च्या परिपत्रकात पोप सहावे पॉल यांनी तो नाकारला. १९३० ची शिकवण चुकली म्हटले तर उरलेल्या शिकवणीचे काय, ही भीती त्या निर्णयामागे होती, असे माझे मत आहे. पुढे अनेक देशांत श्रद्धाळू जोडप्यांनी परिपत्रकाचा आदर राखला आणि गोळ्याही घेतल्या. पापनिवेदनाला जाणाऱ्यांची संख्या मात्र ओसरली.

२००२ पासून बॉस्टनहून बाहेर आलेली धर्मगुरूंकडून झालेल्या बालशोषणाची प्रकरणे, अँग्लिकनांत समलिंगी बिशपवरून पडलेली फूट, डिसेंबर २०२३ मध्ये रोमने समलिंगी जोडप्यांना विधीबाहेरचा आशीर्वाद देण्याला दिलेली मुभा आणि त्यावर आफ्रिकेतून आलेला नकार, हे सगळे शेवटच्या भागात आहे. तिथे माझा हात थोडा आखडता आहे, कारण त्या वादांची धूळ अजून खाली बसलेली नाही. ज्यांना आजच्याच प्रश्नांत रस आहे त्यांनी थेट तिकडे जायला हरकत नाही. ऑगस्टीन आणि ज्युलियन यांचे प्रकरण मात्र त्याआधी वाचावे. शेवटच्या भागातली निम्मी माणसे त्या दोघांचेच युक्तिवाद नव्याने मांडत असतात, आणि कोण कुणाच्या बाजूचा आहे हे ओळखता आले की वाचन बरेच सोपे जाते.